पुष्टकाळ आणि कृशकाळ : देवगाव रंगारीच्या मुलखातील दुधाच्या ऋतुमानाचा इतिहास

दुधाच्या धंद्याचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनेपासून सांगितला जातो : आणंदचा संघ, मुंबईची आरे वसाहत, जिल्ह्याजिल्ह्यांतील सहकारी संघ आणि शासकीय दूध योजना. या संस्था येण्याआधी आणि त्यांच्यातील काही थकल्यानंतरही जी एक अट या धंद्यावर कायम राहिली, ती मात्र अशा इतिहासात दोन-चार ओळींत आटोपली जाते. जनावर बारा महिने सारखे दूध देत नाही आणि माणसाची दुधाची गरजही बारा महिने सारखी नसते. शिवाय जेव्हा दूध भरपूर असते तेव्हाच गरज वाढते, असेही होत नाही. महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाच्या परिभाषेत ऑक्टोबर ते मार्च या भरीच्या सहामाहीला ‘पुष्टकाळ’ आणि एप्रिल ते सप्टेंबर या ओढीच्या सहामाहीला ‘कृशकाळ’ म्हणतात. या दोन काळांतील तफावत कोणाला तरी भरून काढावीच लागते : कोणी दूध टिकाऊ रूपात साठवून, कोणी त्यात पैसा अडकवून, तर कोणी निमूटपणे तोटा सोसून. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात हा भार कोणत्या काळी कोणाच्या अंगावर पडला, हे तपासल्याखेरीज तेथील दुधाचा इतिहास कळत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे गाव हा इतिहास न्याहाळण्यास योग्य ठिकाण आहे. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आणि गौताळ्याचे जंगल, पूर्वेला वेरूळ-खुलताबाद आणि दक्षिणेला लासूर स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग अशा मधल्या पट्ट्यात, शिवना नदीच्या मुलखात, हे गाव वसलेले आहे. येथला पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि कापूस, बाजरी, मका, ज्वारी ही येथली पिके त्या पावसावर आणि विहिरीच्या पाण्यावर अवलंबून असतात. गावाच्या नावातील ‘रंगारी’ हा शब्द कापड रंगवणाऱ्या कारागिरांचा वाचक आहे. उन्हावाचून आणि मुबलक पाण्यावाचून रंगाऱ्याचे काम चालत नसे, म्हणजे तोही ऋतूला बांधलेलाच धंदा होता; १८६९ नंतर कृत्रिम अलिझारीन आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ युरोपातील कारखान्यांतून बाजारात आली, तेव्हा आल आणि नीळ यांसारख्या वनस्पतिज रंगांवर जगणाऱ्या कारागिरांचे धंदे देशभर बसले. दूरच्या कारखान्यात ठरलेल्या भावाने गावातला धंदा कसा हलतो, याची आठवण गावाच्या नावातच राहिली आहे, आणि दुधाच्या इतिहासात पुढे तिचा संबंध येतो.

या मुलखाच्या दुधाचे ऋतुमान मुळात म्हशीने ठरवले. मराठवाड्यातील देवणी किंवा लाल कंधारी या गायींची कीर्ती प्रामुख्याने त्यांच्या बैलांमुळे झाली. कन्नड-वैजापूरकडच्या गावरान गायीही शेतीला खोंड मिळावा म्हणून पाळल्या जात, आणि दुभत्यासाठी भिस्त असे ती म्हशीवर. म्हैस ही दिवस लहान होऊ लागल्यावर माजावर येणारी जात आहे. आश्विनापासून माघापर्यंत तिचा माज स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात मात्र माज येऊनही त्याची लक्षणे उमटत नाहीत, ज्याला पशुपालक ‘मुका माज’ म्हणतात, आणि त्यामुळे चैत्र-वैशाखात म्हशी क्वचितच गाभण राहतात. म्हशीचा गर्भकाळ सुमारे दहा महिने दहा दिवसांचा असल्याने आश्विन ते पौषात फळलेल्या म्हशी पुढच्या श्रावण ते मार्गशीर्षात वितात. विल्यानंतरचे पहिले काही दिवस घट्ट चिकाचे, म्हणजे घरोघर खरवसाचे. त्यानंतर दूध वाढत जाऊन दोनेक महिन्यांत कळस गाठते आणि मग हळूहळू उतरू लागते. वेताच्या या गणिताने दुधाची ऐन भर कार्तिक ते पौष या महिन्यांत येते, फाल्गुनापासून ओहोटी लागते आणि वैशाख-ज्येष्ठात दावणीच्या बऱ्याच म्हशी आटलेल्या, म्हणजे भाकड, असतात.

चाऱ्याचे चक्र या चक्राला जोड देते. मृगाच्या पावसाने उगवलेले गवत दिवाळीपर्यंत बांधावर आणि डोंगरउतारावर हिरवे राहते. बाजरी आणि मक्याची काढणी झाली की त्यांची वैरण येते. कापसाची सरकी वेगळी होऊ लागली की हिवाळ्यात पेंडीची आवक वाढते. फाल्गुनात रब्बी ज्वारीचा कडबा गंजीला लागतो. त्यानंतर चार महिने जनावराच्या पुढ्यात पडतो तो कोरडा कडबाच, आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडे थोडा लसूण घास. म्हणजे जेव्हा जनावर सहज दूध देते तेव्हा चारा स्वस्त असतो आणि जेव्हा जनावर आटलेले असते तेव्हा त्याला जगवण्याचा खर्च सर्वांत जास्त असतो. दुधाचा भाव ठरवताना शहरात बसलेल्या माणसाच्या नजरेतून ही गोष्ट वारंवार सुटली आहे : कृशकाळातले दूध महाग पडते याचे कारण ते थोडे असते एवढेच नाही, तर प्रत्येक लिटरमागे त्यात चारा आणि पेंडही जास्त गेलेली असते, आणि भाकड जनावराचा खर्चही त्याच लिटरवर चढलेला असतो.

मागणीचे चक्र मात्र निराळ्याच गतीने फिरते. गुढीपाडव्याच्या श्रीखंडापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि पुढे मृग लागेपर्यंत लग्नसराई, पाहुणेरावळे, दही-ताक आणि आइस्क्रीम यांची मागणी चढत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी गोठा रिकामा होत असतो. श्रावणातले उपवास, गौरी-गणपतीचे मोदक-पेढे आणि पितृपक्षातली खीर यांची मागणी येते तेव्हा म्हशी नुकत्या विऊ लागलेल्या असतात. कोजागरीच्या एका रात्रीसाठी आटवलेल्या दुधाला जी मागणी येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नाही. त्यानंतर दसरा-दिवाळीचा खवा आणि बासुंदी यांना चढते दूध मिळते. पण दिवाळी सरून मार्गशीर्ष-पौष लागला की दूध सर्वांत जास्त आणि सण-लग्ने सर्वांत कमी, अशी स्थिती येते. पौषात लग्नकार्ये टाळण्याचा प्रघात दुधाच्या बाजाराला जितका जाचक ठरला आहे तितका दुसऱ्या कोणत्या बाजाराला क्वचितच ठरला असेल.

खुलताबाद आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहराच्या सान्निध्यामुळे या मुलखात आणखी एक मागणी जमेस धरावी लागते, ती रमजान आणि ईदेच्या शीरखुर्म्याची. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये, म्हणजे कृशकाळाच्या अगदी तळाशी, आला होता. दहा वर्षांनी तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, पुष्टकाळाच्या उतारावर, येऊन ठेपला, आणि पौषातल्या मंदीनंतर येणारा हा महिना दूध उत्पादकाला आधार देणारा ठरला. हिंदू पंचांगातला अधिक महिनाही असाच, तीनेक वर्षांनी येऊन नंतरचे सगळे सण पुढे ढकलणारा. त्या महिन्यात जावयाला द्यायच्या धोंड्यांना आणि अनारशांना तूप लागते ते वेगळेच. बाजाराचा अंदाज बांधणाऱ्याला सौर, चांद्र आणि हिजरी अशी तीन पंचांगे एकाच वेळी समोर ठेवावी लागतात, आणि जनावर मात्र केवळ सूर्याचे मानते.

लोकाचाराने हे ऋतुमान ओळखले होते, याची साक्ष वसुबारस देते. आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गायीची, पूजा होते आणि त्या दिवशी व्रत करणारी स्त्री गायीचे दूध, दही, तूप वर्ज्य करते. दिवाळीचा आरंभ वासरू असलेल्या दुभत्या जनावराच्या पूजेने व्हावा आणि तो गोठे भरलेल्या दिवसांत यावा, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. ऐन भरीच्या तोंडावर एक दिवस दूध सोडण्याचा हा आचार वासराच्या वाट्याची आठवण देतो, असा त्याचा अर्थ लावला तर तो पशुपालकाच्या व्यवहाराशी जुळणारा आहे.

जुन्या व्यवस्थेत पुष्टकाळ आणि कृशकाळ यांमधली दरी भरण्याचे काम तुपाने केले. बर्फ आणि वाफेचे यंत्र नसलेल्या काळात निरसे दूध काही तासांचेच धनी असे. ते विरजून दही, दही घुसळून लोणी आणि लोणी कढवून तूप केले की तेच दूध महिनोन्‌महिने टिके. मार्गशीर्ष-पौषात डेऱ्यात रवी अखंड फिरे आणि तयार झालेले तूप आठवडी बाजारातून व्यापाऱ्याकडे जाई. अनेक शेतकरी घरांत दूध विकणे कमीपणाचे समजत आणि ताक तर शेजाऱ्याला फुकटच देत. तूप विकण्यास मात्र कोणाची हरकत नसे. या संकेताकडे केवळ भावनेची बाब म्हणून पाहणे अपुरे आहे. त्याच्या मागे एक चोख व्यवहार होता : स्निग्धांश, म्हणजे दुधातला तुपाचा भाग, बाहेरच्या बाजारात जाई आणि रोख पैसा आणी, ताकातून उरलेली प्रथिने गावातच, मुलांच्या आणि मजुरांच्या पोटात, राहत. दूध विकले जाऊ लागले तेव्हा पैसा नियमित येऊ लागला हे खरे, पण गावातले ताक नाहीसे झाले, आणि या बदलाची किंमत कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही. पैठणच्या एकनाथांच्या गवळणींत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवणारा कृष्ण आहे. गावातले दूधदुभते गावाबाहेर जावे की नाही, हा प्रश्न गोदाकाठच्या माणसांना किती ओळखीचा होता हे त्यावरून समजते.

तुपाचा व्यापार हा ऋतूंमधल्या भावफरकाचा व्यापार होता. हिवाळ्यात तूप स्वस्त आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईत महाग. ज्याच्याजवळ भांडवल आणि साठवणुकीची सोय होती त्याच्या पदरात हा फरक पडे. गवळी आणि शेतकरी यांना व्यापारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देई आणि तिच्या फेडीत भरीच्या दिवसांतले तूप ठरलेल्या भावाने घेई. तफावतीचा तोटा शेतकऱ्याचा आणि नफा सावकाराचा अशी विभागणी त्या काळीही होतीच, आणि म्हणून जुनी व्यवस्था आदर्श होती असे म्हणता येत नाही. तरीही एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे : भाव पडला तर तूप घरी ठेवता येई. दुधाला हा अवकाश नाही. दूध विकणाऱ्याला नकार देता येत नाही, कारण संध्याकाळची धार सकाळपर्यंत थांबत नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद हे सुभ्याचे ठिकाण आणि तेथे लष्कराची छावणी, यामुळे शहराच्या आसपासच्या गवळ्यांना दुधाचा रतीब घालता येई. रतीब म्हणजे ठरावीक घरी रोज ठरावीक माप पोचवण्याचा करार. परंतु डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून दूध नासायच्या आत जेवढे अंतर काटता येई तेवढाच या बाजाराचा परीघ होता, आणि देवगावसारखी गावे त्याच्या बाहेर पडत. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग पुरा झाला, त्याने तूप, कापूस आणि धान्य यांना वाट दिली. दुधाला दिली नाही. १९३७ मध्ये शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला आणि तुपावर ‘ॲगमार्क’ची मुद्रा उमटू लागली. त्यानंतरच्या काही वर्षांतील सरकारी पणन अहवालांनुसार त्या काळी देशातल्या दुधापैकी निम्म्याहून अधिक दूध तुपासाठी वापरले जाई. याच दशकात वनस्पती तूप मुंबईच्या कारखान्यांतून स्वस्तात बाहेर पडू लागले, आणि ज्या पदार्थाने हिवाळ्याचे दूध उन्हाळ्यापर्यंत पोचवले होते त्याच्या भावाला कारखान्याने खालून ओढ लावली. रंगाऱ्याच्या बाबतीत जे कृत्रिम निळीने केले त्याचीच ही सौम्य आवृत्ती होती.

मराठवाड्याच्या दक्षिणेकडील भूम-वाशीच्या भागात भरीच्या दुधाला खव्याने वाट दिली. कुंथलगिरीचा खवा आजही दूरवर नावाजलेला आहे. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधातून एक किलो खवा उतरतो, त्यामुळे रस्ता वाईट आणि बाजार लांब असलेल्या ठिकाणी पाच लिटर दुधाचा भार एका किलोवर येतो. मात्र खवा काही दिवसच टिकतो. तो अंतर जिंकतो, ऋतू जिंकत नाही.

ऋतू जिंकण्याचा आधुनिक प्रयत्न मुंबईच्या गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शहरातल्या दूधटंचाईवर तोड म्हणून दुग्धतज्ज्ञ दारा खुरोडी यांनी ‘टोन्ड’ दूध आणले : म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि बाहेरून आणलेली साय-विरहित दूध भुकटी मिसळून स्निग्धांश सुमारे तीन टक्क्यांवर आणायचा, म्हणजे तेच दूध अधिक माणसांना पुरते. पुढे आरे दूध वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी गोरेगावला नेण्यात आल्या. याच मुंबईला दूध पाठवणारा आणंदचा, म्हणजे खेडा जिल्ह्याचा, सहकारी संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदवला गेला, आणि त्याच्यापुढे लवकरच तोच जुना प्रश्न उभा राहिला. हिवाळ्यात खेडा जिल्ह्याचे दूध उन्हाळ्याच्या जवळपास दुप्पट होई आणि मुंबईची दूध योजना ते सगळे घेण्यास तयार नसे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही अशी परदेशी तज्ज्ञांची समजूत होती. ती संघाचे तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी खोटी ठरवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी आणंदच्या भुकटी कारखान्याचे उद्घाटन झाले. ही घटना तंत्रज्ञानाचा विजय म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण तिचे अधिक मोलाचे अंग असे की, साठवणुकीचे साधन प्रथमच उत्पादकाच्या संघाच्या मालकीचे झाले. तूप साठवून भावफरक घेणारा सावकार बाजूला झाला आणि त्याची जागा शेतकऱ्यांच्याच संस्थेने घेतली.

भुकटीच्या मागचे गणित थोडक्यात असे आहे. गायीच्या १०० लिटर दुधातून साय काढून सुमारे ४ किलो लोणी मिळते आणि उरलेल्या दुधातून साडेआठ ते नऊ किलो भुकटी. लोणी शीतगृहात आणि भुकटी कोरड्या गोदामात ठेवली की उन्हाळ्यात दोन्ही पाण्यात मिसळून पुन्हा दूध ‘बांधता’ येते. भाव ठरवताना म्हणूनच स्निग्धांशाबरोबर स्निग्धेतर घनपदार्थ, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार, यांचेही मोजमाप होते; गावच्या संकलन केंद्रावर ‘फॅट’ आणि ‘एसएनएफ’ म्हणून बोलले जाते ते हेच. १९७० मध्ये सुरू झालेल्या दुधाच्या महापूर योजनेचा, म्हणजे ‘ऑपरेशन फ्लड’चा, आर्थिक पाया हाच होता. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून देणगी म्हणून मिळालेल्या १,२६,००० टन भुकटीपासून आणि ४२,००० टन लोणीतेलापासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे दूध बनवून विकले गेले आणि त्या पैशातून ग्रामीण संकलनाची यंत्रणा उभी केली गेली.

महाराष्ट्राने निराळी वाट धरली. गुजरातेत संघ पुढे आणि सरकार मागे राहिले, तर येथे दुग्धविकासाचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन दूध खरेदी करण्याची जबाबदारी बव्हंशी सरकारने स्वीकारली. शासकीय दूध योजना, तालुक्यांची शीतकरण केंद्रे आणि गावोगावच्या सहकारी संस्था असा सांगाडा उभा राहिला; औरंगाबादलाही शासकीय योजना चालली आणि जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने पुढे आपले बस्तान बसवले. येणारे सगळे दूध ठरलेल्या भावाने घेण्याची हमी हे या व्यवस्थेचे मोठेपण होते. तोपर्यंत रतीबाच्या परिघाबाहेर असलेल्या कन्नड-वैजापूरच्या गावांतही पहाटे दुधाची गाडी येऊ लागली आणि हातात दहा-पंधरा दिवसांनी रोख रक्कम पडू लागली. कापसाचे पैसे वर्षातून एकदा येणाऱ्या घरात या पगारासारख्या पैशाचे मोल काय होते, हे त्या घरातल्या बाईला जितके कळले तितके कोणत्याही नियोजन अहवालाला कळले नाही.

मात्र हमीची व्यवस्था पुष्टकाळातच अडखळू लागली. पश्चिम महाराष्ट्रात दूध वाढत गेले, भुकटी करण्याची क्षमता त्या मानाने अपुरी पडली, आणि ऐन भरीच्या दिवसांत ठरावीक वारी संकलन बंद ठेवण्याची पाळी आली. या बंदीला ‘दूध सुट्टी’ म्हणत. माणसाला सुट्टी देता येते, म्हशीच्या कासेला देता येत नाही. त्या दिवशीचे दूध घरी विरजावे तर डेरा-रवी कधीच माळ्यावर गेलेली, आणि तूप विकावे तर जुना बाजार मोडलेला. जुन्या व्यवस्थेचे साधन हातचे गेले होते आणि नव्या व्यवस्थेने स्वतःचे साधन पुरेसे वाढवले नव्हते. ‘अतिरिक्त दूध’ हा शब्द याच काळात रूढ झाला आणि तो मुळातच दिशाभूल करणारा आहे. मार्गशीर्षात जे अतिरिक्त ठरते तेच वैशाखात कमी पडते. वर्षाची बेरीज केली तर अतिरिक्त असते ते दूध नव्हे, कमी पडलेली असते ती साठवण.

दरम्यान गोठ्यातही बदल झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने आणि शासनाच्या पशुसंवर्धन खात्याने कृत्रिम रेतनाद्वारे होल्स्टीन आणि जर्सी रक्ताच्या संकरित गायी गावोगाव पोचवल्या. गाय म्हशीइतकी दिवसमानाला बांधलेली नाही. ती कोणत्याही महिन्यात फळते, त्यामुळे संकरित गायींनी दुधाची चढउतार बरीचशी सपाट केली. पण होल्स्टीनच्या अंगात थंड मुलखाचे रक्त आहे आणि मराठवाड्याच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात तिचे दूध, स्निग्धांश आणि गाभण राहण्याचे प्रमाण ही तिन्ही घसरतात. म्हशीचा ऋतू दिवसमानाने येतो, संकरित गायीचा उष्म्याने. न्यूझीलंडसारख्या देशात सगळा कळप वसंतात विण्याची आणि हिवाळ्यात एकदम आटवण्याची पद्धत मुद्दाम पाळली जाते, कारण तेथील बहुतेक दूध भुकटी आणि लोणी होऊन परदेशी जाते आणि रोजच्या चहाची चिंता थोडी असते. भारताला असा पर्याय नाही, कारण येथे दूध रोज सकाळी दारात लागते.

१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, औरंगाबाद झपाट्याने वाढले आणि देवगावच्या दुधाला जवळचे मोठे गिऱ्हाईक मिळाले. त्यानंतर उदारीकरणाच्या धोरणात दूध प्रक्रियेवरची बंधने सैलावली, १९९२ मध्ये दूध आणि दुग्धपदार्थ आदेश निघाला, आणि पुढच्या दोन दशकांत खाजगी डेअऱ्यांचा वाटा वाढत गेला, तर शासकीय योजना आकसत गेल्या. खाजगी डेअरीने वेळेवर पैसे, गावात शीतकरणाची टाकी आणि तपासणीचे यंत्र आणले, हे श्रेय तिला द्यायला हवे. पण तिच्यावर सगळे दूध घेण्याचे बंधन नव्हते, आणि पुष्टकाळात ती जो भाव देऊ शके तो भुकटीच्या बाजारावर ठरू लागला. हा बाजार जगाचा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या दुग्धपदार्थांना बंदी घातली, १९८४ पासून चालत आलेली युरोपीय संघाची दूध उत्पादनमर्यादा एप्रिल २०१५ पासून उठली, आणि युरोपच्या सरकारी गोदामांत लाखो टन भुकटी साचली. त्याची झळ कन्नड तालुक्यातील गोठ्याला, कारण न कळताच, लागली. अलिझारीनच्या काळी रंगाऱ्याला जे कळले नव्हते तेच पुन्हा घडत होते.

जून २०१७ मध्ये गोदाकाठच्या पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध रस्त्यावर ओतले गेले, आणि त्यानंतर सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे २७ रुपये आणि म्हशीच्या दुधाला ३६ रुपये खरेदीदर जाहीर केला. दर जाहीर झाला, पण साठवणुकीची तजवीज झाली नाही. पुढच्याच वर्षी भुकटी पडून राहिली, भाव कोसळले, जुलै २०१८ मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद पडल्यावर राज्य सरकारने रोज १० लाख लिटरपर्यंत दूध घेऊन भुकटी करण्याचा निर्णय घेतला, आणि २०२४ मध्ये पुन्हा ५ आणि नंतर ७ रुपयांचे अनुदान आले. प्रत्येक वेळी संकट अचानक आल्यासारखे हाताळले गेले, वास्तविक पुष्टकाळ दरवर्षी त्याच महिन्यांत येतो.

या सर्वांवर मात करतो तो दुष्काळ, आणि त्याचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. १९७२ च्या दुष्काळात, तसेच २०१२ ते २०१६ या काळात वारंवार आलेल्या अवर्षणांत, मराठवाड्यात चारा-छावण्या उघडल्या, आणि अनेकांनी दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने बाजारात नेली. परंतु पावसाचा दुष्काळ आणि दुधाचा दुष्काळ एकाच वर्षी संपत नाहीत. पाऊस चुकलेल्या वर्षाच्या हिवाळ्यात अर्धपोटी म्हैस माजावर येत नाही. माजावर आली तरी ठरत नाही. म्हणून पुढच्या वर्षी पाऊस उत्तम झाला, माळ हिरवे झाले, तरी श्रावण-भाद्रपदात विण्यासाठी गोठ्यात गाभण जनावरच नसते. पाऊस पडल्यावर छावणी उठवली जाते आणि मदत थांबते, आणि नेमका तेव्हापासून दुधाचा तुटवडा सुरू होतो. हे वर्षभराचे अंतर ओळखणारी मदतीची योजना अद्याप आखली गेलेली नाही.

अलीकडच्या वर्षांत कन्नड-वैजापूर भागात मक्याचा हिरवा चारा कापून, दाबून, हवाबंद करून ठेवण्याची पद्धत, म्हणजे मूरघास, रुजू लागली आहे. मका या भागाचे मोठे पीक असल्याने येथे ती सोयीची ठरते : पावसाळ्यात पिकवलेला हिरवा चारा वैशाखात जनावरापुढे टाकता येतो आणि उन्हाळ्यातली दुधाची घसरण काही प्रमाणात थोपवता येते. एका अर्थाने ही जुन्या तुपाच्या साठवणीकडे परतण्याची वाट आहे, फक्त येथे दुधाऐवजी चारा साठवला जातो आणि तो शेतकऱ्याच्याच खड्ड्यात राहतो. मात्र मूरघास कृशकाळ सौम्य करतो. पुष्टकाळाचा प्रश्न त्याने सुटत नाही. पौषातल्या दुधासाठी भुकटी आणि लोणी साठवण्याची पुरेशी सोय, उत्पादकांच्या मालकीची आणि जिल्ह्याच्याच आवारात, उभी राहत नाही, तोवर देवगाव रंगारीच्या गोठ्यात दूध सर्वांत जास्त असलेल्या महिन्यांतच भाव सर्वांत कमी राहील.